पापडाचं बोलावणं

असोद्याच्या त्या गल्लीत उडदाचा पापड लाटावा तर कुंदाबाईनेच. तिच्या पापडातून खालच्या पोळपाटाची रेघ दिसायची, आणि हे ती स्वतःच सांगायची, कारण नम्रपणा तिच्या वाटेला जरा कमीच आला होता. चैत्र लागला की रोज एकेका घरचे पापड. आदल्या संध्याकाळी त्या घरची बाई दारोदार सांगून यायची आणि सकाळी घरटी एक जण पोळपाट-लाटणं काखेत मारून हजर. दिवसभर लाटायचं, तेलात बुडवून कच्च्या लाट्या खायच्या आणि जी आली नाही तिची उणीदुणी काढायची. तिन्ही कामांत कुंदाबाई पुढे.

धाकट्या मुलीच्या वेळी बाळंतपणात कुंदाबाईचं फार रक्त गेलं होतं. जळगावच्या दवाखान्यात रक्ताच्या बाटल्या लावल्या, मायलेकी वाचल्या. त्या रक्तातून आणखी काय आलं, हे तपासायची सोय तेव्हा डॉक्टरांकडेही नव्हती. दहा-बारा वर्षांनी डोळे पिवळे झाले आणि अंगातलं बळ सरलं. यावलकडची मुळी झाली, गळ्यात दोरा झाला, तेल-हळद बंद झाली. पिवळेपणा उतरला, थकवा मात्र ठाण मांडून बसला. शेवटी रक्त मुंबईला तपासायला गेलं तेव्हा नाव कळलं. सी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस सी.

डॉक्टर म्हणाले, "पूर्ण बरं करणारं औषध आज माझ्याजवळ नाही. जपून राहायचं. पण ताट वेगळं करू नका, हा आजार उष्ट्यातून जात नाही."

नवऱ्याने, गिरधरने, ते ओट्यावर उभं राहून सगळ्या गल्लीला ऐकवलं. माणूस भला, पण ज्यांना काही ठाऊक नव्हतं त्यांनाही त्याच्यामुळेच कळलं.

पुढच्या चैत्रात कुंदाबाईला बोलावणं आलं नाही. तिची जाऊ बेबाबाई, भिंतीला भिंत लागून राहणारी, दारातूनच म्हणाली, "अक्का, तुमी आराम करा. लाटाले आमी हायेच ना."

आराम या शब्दाचा कुंदाबाईला वीट आला होता. ती खाटेवर पडून राही आणि भिंतीपलीकडून लाटण्यांचा आवाज येई, मधूनच हसण्याचा लोट येई. कशावर हसल्या असतील, याचा ती विचार करी. त्या घोळक्यातली आपली जागा तिला फार हवीशी वाटे. मन चिंती ते वैरी न चिंती. तिने ठरवून टाकलं की बाया आपल्या हाताला भितात. एखादीने चहा अर्धा ठेवला की ती दिवसभर त्या कपाकडे बघत बसे.

"तुले सारं जग वैरी दिसतं," गिरधर म्हणे.

मग एका चैत्रात तिने मनाशी पक्कं केलं. पापड आपल्या घरी करायचे, पीठ आपल्याच हाताने भिजवायचं, आणि कोण येतं ते बघायचं. भिजवलेला गोळा कुटायला गिरधरला बसवलं. बोलावणं करायला ती स्वतः गेली, प्रत्येक ओट्यावर टेकत, दम घेत.

सकाळी सगळ्यात आधी म्हातारी झुंबरबाई आली. "पीठ वातड तं नही झालं?" तिने आल्या आल्या विचारलं. मागोमाग सगळी गल्ली. कुंदाबाईने दोऱ्याने लाट्या कापल्या, थाळीत तेल ओतलं आणि थाळी मधोमध ठेवली. तिचं लक्ष आता फक्त थाळीवर. झुंबरबाईने लाटी तोंडात टाकली. बेबाबाईने तर कुंदाबाईच्या हातातलीच ओढून घेतली आणि हिंग कमी आहे म्हणून नाक मुरडलं. बघता बघता थाळी रिकामी झाली. कुणीही भीत नव्हतं.

कुंदाबाईला इतका आनंद झाला की तो कुठे ठेवावा कळेना. तिने लाटणं उचललं. पहिले काही पापड अगदी पूर्वीसारखे उतरले. मग खांदा भरून आला, कोपर लटलटू लागलं, पापड एका कडेला जाड राहिला. तिने दात आवळून तो पुन्हा लाटला. तो फाटला. बेबाबाईने तिच्या पोळपाटावरची लाटी आपल्या पोळपाटावर घेतली.

"माह्या हाताले भेत नव्हत्या तं मले बलावलं काऊन नही?" कुंदाबाईने विचारलं.

झुंबरबाई खाली बघत म्हणाली, "शेवटच्या वर्षी माह्या घरी तू लाटता लाटता रडत होती वं. हात चालत नव्हता तुहा. आमाले पाहावलं नही."

कुंदाबाईला ते आठवत होतं. तिनेच ते कुठेतरी खोल पुरून ठेवलं होतं. इतके दिवस गल्लीवरच्या रागाने तिला उभं धरलं होतं. आता रागवावं असं कुणीच उरलं नाही, उरले फक्त स्वतःचे दोन हात, आणि त्यांच्यावर रागावून काय होणार? पापड लाटणारी ती कुंदाबाई आता कुणीच तिला परत आणून देणार नव्हतं. पदराने तिने तोंड पुसलं.

"मले बलावत जा," ती म्हणाली. "लाटनं माह्यानं नही होनार. पन भिताडापलीकडून तुमचं हसनं आयकते ना, त्यानं जीव जातो माहा. रोगानं नही जात इतका."

बेबाबाई लाटता लाटता म्हणाली, "उद्या माह्या घरचे हायेत, अक्का. सकायीच येजा."