बेडकाला नखं किती?

अंबूच्या मृत्यूची बातमी माझ्या मुलानं मला अर्धीच सांगितली. सकाळी फोन आला, तो गॅलरीत जाऊन बोलला आणि आत येऊन म्हणाला, "अम्मा, अंबूआत्याला बरं नाहीसं झालंय. तिरुवल्लिकेणीला जाऊन येऊ." मी म्हटलं, "गेली असेल तर गेली म्हण. म्हणजे साडी कुठली नेसायची ते मला कळेल." तो चपला शोधायला लागला आणि मला उत्तर मिळालं. अंबू स्वतः डॉक्टर होती, आणि पेशंटच्या माणसांना तिनं जन्मात कधी अर्धी बातमी सांगितली नाही. तिची बातमी तरी पुरी सांगायला हवी होती.

आता याला काही आठवडे झाले. या काळात तिच्याबद्दल बरंच गोड गोड बोललं गेलं. कोणी तिला गरिबांची माता म्हणालं. अंबू कोणाची माता नव्हती. तिनं लग्न केलं नाही, दुसऱ्यांची मुलं जन्माला आणायचं काम मात्र आयुष्यभर केलं आणि त्यात ती उत्तम होती. प्रेमळही फारशी नव्हती. कळा देणारी बाई उगाच ओरडायला लागली तर तिला दटावायची. पण जी खरोखर संकटात असेल तिच्या जवळून ती हलत नसे. मी तिची वहिनी. तिच्या थोरल्या भावाची बायको. लग्न होऊन मी तंजावरहून या घरात आले तेव्हा ती दोन वेण्या घालून शाळेत जात होती. तिच्या डॉक्टर होण्याची सुरुवात मी पाहिली, आणि ती पाहणारं आता दुसरं कोणी राहिलं नाही, म्हणून लिहिते.

चेन्नईला तेव्हा मद्रासच म्हणायचे. तिथल्या तिरुवल्लिकेणीच्या गल्लीतलं आमचं मराठी माणसांचं घर लांबट होतं, पुढे ओटी, मध्ये झोपाळा, मागे विहीर आणि परसाचं दार. सासरे हिशेबांच्या सरकारी कचेरीत होते. त्यांना सगळे अप्पा म्हणत. सासूबाई माझ्या लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी गेल्या. त्यांच्या पोटात दुखणं होतं. पुरुष डॉक्टरला त्यांनी ते दाखवलं नाही आणि बाई डॉक्टरकडे नेलं तोवर करण्यासारखं काही उरलं नव्हतं. अंबू पंधरा वर्षांची होती. आईच्या दिवसकार्यात ती फारशी रडली नाही. चौदाव्या दिवशी माझ्याजवळ उडीद निवडायला बसली आणि म्हणाली, "वैनी, मी डॉक्टर होणार. सांगून ठेवते." मी म्हटलं, "हो. पण आधी त्यातले खडे काढ." मला तेव्हा वाटलं, दुःखात बोलतेय, विसरेल. विसरली नाही.

शाळेचा निकाल लागला. गणितात तिच्यापुढे वर्गात कोणी नव्हतं. पुढे कॉलेजात एक वर्षाचा प्री-युनिव्हर्सिटीचा कोर्स असे आणि त्याच्या आधी विषय ठरवावे लागत. गणित घ्यायचं, नाही तर प्राणी-वनस्पतींचं शास्त्र घ्यायचं. अप्पांनी ते आधीच ठरवून टाकलं होतं. संध्याकाळी झोपाळ्यावर बसून ते म्हणाले, "गणित घे. मग बी.ए. कर, बी.टी. कर, मुलींच्या शाळेत लाग. चार वाजता घरी. डोक्याला ताप नाही." अंबू म्हणाली, "अप्पा, गणित घेतलं तर मेडिकलला माझा अर्जच घेणार नाहीत. जीवशास्त्र लागतं. एकदा घेतलेला विषय मागून बदलता येत नाही." अप्पांना मुलगी डॉक्टर व्हायला हरकत नव्हती. त्यांना बायको आठवत होती. त्यांची भीती दुसरीच होती, आणि ती स्वयंपाकघरात बसली होती.

ती म्हणजे आत्याबाई. अप्पांची विधवा थोरली बहीण. सासूबाईंनंतर घर त्यांच्या हातात आलं. त्यांचं सोवळं म्हणजे काय ते आजच्या वाचकांना सांगून पटणार नाही. त्यांचं लुगडं वाळत असलं की त्याच्या सावलीतूनही आम्ही वळसा घालून जायचो. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की या विषयात बेडूक कापतात. झालं! "मेलेला बेडूक हातानं फाडायचा, आणि त्याच हातानं येऊन माझ्या देवाच्या घरात पाणी प्यायचं? नक्को गे बाई. गणित घे. गणितात काही मरत नाही." अंबू म्हणाली, "आत्या, आई कशानं मेली?" आत्याबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. आणि त्या जेवल्या नाहीत की घरात कोणाला घास गोड लागत नसे, कारण त्या प्रत्येकाच्या पानासमोर येऊन उभ्या राहायच्या.

दोन दिवस हे चाललं. कॉलेजात विषय सांगायची वेळ जवळ आली. शेवटी अप्पांनी नेहमीचा मार्ग काढला, वाद्यारांना बोलावलं. वाद्यार म्हणजे आमचे घरचे भटजी. ते झोपाळ्यावर बसले, कॉफी घेतली, सगळं ऐकून घेतलं आणि डोळे मिटले. मग म्हणाले, "पाच नखांचा प्राणी मेलेला शिवला तर दोष मोठा. नुसत्या आंघोळीनं भागायचं नाही. नखं नसतील तर गोष्ट निराळी." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "बेडकाला नखं किती?"

कोणाला माहीत असणार? अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, जशी काही मी माहेरी बेडूक पाळत होते. आत्याबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआड उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "पाचच असणार. सगळ्यांना पाचच असतात." एवढ्यात अंबू उठली आणि परसात गेली. विहिरीपाशी ओल असे, तिथे बेडकांना काय तोटा... ती परत आली तेव्हा तिच्या हातात तांब्या होता आणि तांब्याच्या तोंडावर तिचा पंजा दाबलेला होता. तो तांब्या मी ओळखला. आत्याबाईंनीही ओळखला. विहिरीच्या काठावर घासून ठेवलेला त्यांचा सोवळ्याचा तांब्या होता तो!

"अय्यो, माझा तांब्या!" आत्याबाई अशा ओरडल्या की शेजारची बाई भिंतीवरून डोकावली. अंबूनं बेडूक बाहेर काढून मुठीत धरला आणि सरळ वाद्यारांच्या समोर नेला. त्यांनी दोन्ही पाय झोपाळ्यावर घेतले, झोपाळा हलायला लागला आणि बिचारे कडी धरून बसले. "हे बघा," अंबू म्हणाली, "पुढच्या पायाला चार बोटं, मागच्याला पाच. नख एकही नाही. मोजून घ्या." वाद्यार म्हणाले, "मोजलं, मोजलं!" ती म्हणाली, "दुसरा पाय राहिला." "तोही मोजला! सोड त्याला बाहेर!" अप्पा तोंडावर उपरणं धरून खोकत होते. ते खोकत नव्हते.

बेडूक परसात गेल्यावर वाद्यारांनी निकाल दिला, नखं नाहीत म्हणजे साधी आंघोळ पुरे. हे शास्त्रात आहे की त्यांना झोपाळ्यावरून लवकर उतरायचं होतं, याबद्दल माझं मत मी माझ्यापाशी ठेवते. पण वाद्यारांचा शब्द आत्याबाईंना मोडता येईना. मग त्यांनी आपल्या अटी घातल्या. बेडूक शिवल्या दिवशी पुढच्या दारानं यायचं नाही. मागच्या गल्लीतून परसात यायचं, विहिरीवर डोक्यावरून आंघोळ करायची, तिथेच वाळकी साडी नेसायची आणि मग आत. "आणि तो तांब्या तुझा. माझ्या डोळ्यांसमोर आणू नकोस." अंबू म्हणाली, "सरी. कबूल." तिला एवढा आनंद झाला होता की तांब्याची किंमत कोण करतो! मी म्हटलं, संध्याकाळचं वाटण मी बघेन, तू पुस्तकं बघ. माझ्या मनात त्याग वगैरे काही नव्हता. घरात एक बाई डॉक्टर असावी असं मला स्वतःसाठीच वाटत होतं. मला अजून मुलं व्हायची होती.

तिनं जीवशास्त्र घेतलं, मेडिकलला जागा मिळाली. आधी बेडूक, मग माणसांची प्रेतं, मग हॉस्पिटल. अटी त्याच राहिल्या. मार्गळी महिन्याच्या थंडीत मी मागचं दार उघडायची तेव्हा ती ओल्या केसांनी उभी असायची, दात वाजत असायचे आणि त्यातच मला सांगायची, "वैनी, आज यकृत बघितलं, केवढं मोठं असतं माहीत आहे?" मी म्हणायची, "आधी आत ये, मग यकृत." आत्याबाई आतून विचारायच्या, "डोक्यावरून घेतलीस ना?" ती म्हणायची, "घेतली, आत्या." रोज तेच.

लोकांना अशा गोष्टीचा शेवट गोड हवा असतो. नातवंडं मला विचारतात, मग आत्याबाई नंतर निवळल्या असतील ना? नाही निवळल्या. त्या आजारी पडल्या, अंथरुणाला खिळल्या. दुखणं सासूबाईंच्याच जातीचं होतं. पण या खेपेला तपासणारा हात घरचा होता आणि वेळेवर होता. अंबूनं त्यांचं ऑपरेशन करवलं, त्या पुढे पुष्कळ वर्षं जगल्या. त्या आजारपणातही अंबू हॉस्पिटलमधून आली की त्या उशीवरून मान वळवून म्हणायच्या, "आधी विहिरीवर जा. मग मला शीव." आणि ती जायची, ताप किती आहे ते नंतर बघायची. मी एकदा चिडून म्हटलं, "आता पुरे झालं. तूच त्यांना वाचवलंस, आता तरी सांग." अंबू केस पुसत म्हणाली, "वैनी, त्या बोलीवर मला विषय मिळाला. तो मला पुरून उरला. मी आता बोली का मोडू?"

पुढे तिचं नाव झालं आणि दरवर्षी निकालांच्या दिवसांत त्याच ओटीवर बाप आपापल्या मुलींना घेऊन यायला लागले. मुलीला डॉक्टर करायचंय, विषय कुठले घेऊ? अंबू बापाला कॉफी द्यायची, म्हणजे त्याचं तोंड गुंतलेलं राहायचं, आणि फक्त मुलीशी बोलायची. सरळ विचारायची, "तुला काय हवंय?" मुलगी बापाकडे बघायला लागली की म्हणायची, "तिकडे काय बघतेस? बेडूक त्यांना नाही कापायचा."

ती गेल्यावर घर आवरायला मी तिरुवल्लिकेणीला राहिले आहे. परवा असाच एक बाप आला, सोबत चष्मा लावलेली मुलगी. त्याला काहीच माहीत नव्हतं. मी त्यांना ओटीवर बसवलं, डॉक्टरीणबाई गेल्या म्हणून सांगितलं, सरळ, पूर्ण. त्याला वाईट वाटलं. पण तो उठेना. मला पाटी, म्हणजे आजी, म्हणत तमिळमध्ये सांगायला लागला की मुलीला जीवशास्त्र द्यायचंय, हल्ली दोन्ही घेता येतात म्हणून गणितही ठेवायचंय, म्हणजे एक नाही तर दुसरं... मी त्याला कॉफी दिली आणि मुलीकडे वळले. "तुला काय हवंय?" तिनं बापाकडे पाहिलं. मी म्हटलं, "तिकडे नको." मग ती हळूच म्हणाली, "डॉक्टर माझ्या अप्पांना व्हायचंय. मला गणित आवडतं."

"मग गणित घे," मी म्हटलं.

बापानं पेला खाली ठेवला. अंबूच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. मग म्हणाला, "त्यांनीही हेच सांगितलं असतं का, पाटी?"

"हेच," मी म्हटलं. "जरा मोठ्यानं."