नीलगिरीच्या पत्रावळी

खातेगावच्या जमुनाबाईंना ‘झुडपं’ हा शब्द सहन होत नसे. गावामागच्या पळसांबद्दल सरकारी झाडं लावायच्या प्रकल्पाच्या कागदात तोच लिहिला होता: ओसाड टेकडी, किरकोळ झुडपं. या किरकोळ झुडपांच्या पानांच्या पत्रावळी टाचून बाईंनी नवऱ्यामागे तीस वर्षं घर चालवलं. देवास-इंदूरच्या मराठी घरांतल्या मुंजी, लग्नं, श्राद्धं त्यांच्याच पत्रावळींवर जेवली.

मग जगातल्या देशांनी हवा तापू न देण्याचं एकमेकांना वचन दिलं. तिकडे सोडलेला धूर इकडे ओसाड जमिनीवर नवी झाडं लावून फेडायचा, असा हिशोब; ते पाळायला त्यांना नेमकी आमचीच टेकडी सापडली. २००१ साली अर्धे पळस तोडून तिथे नीलगिरी लावली. उरलेले तोडायचे की ठेवायचे, ते ठरवायला २००३च्या डिसेंबरात परदेशी पाहुणे येणार होते.

प्रकल्पाचा अधिकारी अरविंद देवासचाच. त्याच्या मुंजीच्या पत्रावळी बाईंनीच पुरवल्या होत्या. तो आधीच सांगून गेला की पाहुण्यांना दाल-बाफले, दालीत चुरायचे ते कणकेचे गोळे, पत्रावळीवरच वाढा, त्यांना गावातलं अस्सल काहीतरी लागतं.

बाई चार दिवस खपल्या. पंगत बसली, पत्रावळी मांडल्या, आणि सगळ्या निघाल्या नीलगिरीच्या. बोटभर रुंदीची पानं, कितीही टाचा, मध्ये फट राहायचीच. वाढलेली दाल खालून वाहत पाहुण्यांच्या मांड्यांपर्यंत पोचली.

“काकू, हे काय?” अरविंद दात आवळून म्हणाला. “पळसाची पानं नव्हती?”

“पळस तुझ्या कागदावर कुठंय, भिया? कागदावर जे झाड आहे, त्याच्यावर वाढलं.”

“मेरी नौकरी का सवाल है, काकू.”

“आणि माझ्या टेकडीचा.”

बाई काय म्हणाल्या, असं एका पाहुण्याने विचारलं. अरविंद इंग्रजीत काहीतरी बोलला. पाहुण्याचा चेहरा उजळला, त्याने ओल्या गुडघ्यांनी उठून टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. शाळेतल्या सुमंगलाबाई तिथेच होत्या, त्यांनी मागाहून सांगितलं: अरविंद म्हणाला, नव्या झाडांतून बाईंनी नवा धंदा शोधलाय.

जमुनाबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

आठवड्याने अरविंद उरलेले पळस तोडायच्या संमतीचा कागद घेऊन आला. गावातल्या सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या, बाईंची राहिली होती. त्याला वाटलं, म्हातारी अंगठा देईल. बाईंनी पेन मागून घेतलं आणि सावकाश, ठसठशीत अक्षरांत लिहिलं: ‘ही टेकडी ओसाड नव्हती. मला मंजूर नाही.’ खाली पूर्ण नावाची सही.

“हे वर पाठवशील ना?”

“पाठवतो,” अरविंद म्हणाला.

आणि त्याने खरंच पाठवलं. पाहुण्यांच्या देशातल्या वरच्या कचेरीत मराठी वाचणारं कुणी नव्हतं. सही तेवढी मोजली गेली, संमती म्हणून. अरविंदला मराठी वाचता येत होतं.

मार्चात पळस फुललेले असताना कुऱ्हाडी आल्या.