कडुनिंबाची धुरी

डास घालवायला मी कडुनिंबाची धुरी करत नाही. सुना हसतात, म्हणतात, "आई, तुम्हाला एवढं सगळं येतं आणि तुम्हीच करत नाही!" नाही करत. लाज वाटते मला. कशाची, ते घरात कुणाला सांगितलेलं नाही, यांनासुद्धा नाही.

एकोणीसशे साठच्या आसपास हे उमरखेडला शाळेत मास्तर होते. घर दीड खोलीचं, मागे नाला. त्यामुळे आमचं सगळं जगणं अंगणात, निवडणं-टिपणं, जेवणं, आल्यागेल्याचं बसणं. दिवेलागणीला नाल्यावरून डास असे यायचे की बोलायला तोंड उघडायची सोय नाही.

धुरी करायला मला शिकवलं शेजारच्या चाचांनी. चाचा पिंजारी होते. तुराट्यांच्या कुंपणापलीकडे त्यांचं छप्पर, तिथे ते दिवसभर कापूस पिंजायचे. फुटक्या माठाच्या खापरात गोवरीचा निखारा, वर कडुनिंबाचा ओला पाला, थोडी निर्गुडी आणि पाण्याचा हबका. "जाळ नाही झाला पाह्यजे, मास्तरीणबाई. आपल्याले धूर पाह्यजे," असं ते दहादा बजावायचे. चूल पेटवायला म्हणून छपरातला झाडून काढलेला कापूसही तेच मला टोपलीभर द्यायचे.

त्या वर्षी दिवाळीनंतर माझा भाऊ आणि वहिनी यायचे होते. वहिनी नागपूरची. मागच्या खेपेला भर अंगणात म्हणाली होती, "वन्सं, तुमच्याकडे बसायचं म्हणजे डासांना जेऊ घालायचं!" सगळे हसले, मीही हसले, पण आतून अशी जळले की विचारू नका. या खेपेला एक डास दिसला तर नाव बदलीन, असं मनाशी ठरवूनच टाकलं.

त्याच महिन्यात चाचांच्या मुलीचं लग्न होतं. गावभराच्या गाद्या भरणारा माणूस, पण पोरीला द्यायच्या गाद्या-रजयांचा कापूस त्यांनी त्या हंगामात पहिल्यांदाच स्वतःसाठी जमवला होता. नवा, पांढरा, पिंजून छपरात ढीग घातलेला. "सासरी कोणी म्हणाले नाही पाह्यजे, पिंजाऱ्याची पोर अन् गादी जुनी," हे चाची मला कुंपणावरून रोज ऐकवायच्या.

पाहुणे ऐन संध्याकाळी आले. माझी गडबड उडाली, ओला पाला आणायचा राहिला. मग काय, कोपऱ्यात पडलेला वाळका पाला खापरात कोंबला आणि धूर लवकर उठावा म्हणून वर चाचांनी दिलेला कापूस टाकला, दोन मुठी. पाण्याचा हबका मारलाच नाही. भपकन जाळ झाला, मग दाट धूर. डास कुठल्या कुठे गेले. वहिनी म्हणाली, "अगंबाई, वन्सं, कमाल केलीत हं! एकसुद्धा नाही." मी फुलून गेले.

तेवढ्यात पेटलेल्या कापसाचा एक पुंजका वाऱ्यावर उचलला गेला. मी ते पाहिलं. डोळ्यांनी पाहिलं. तो कुंपणावरून पलीकडे गेला. उठावं असं वाटलं, पण वहिनी अजून कौतुक करत होती, पुन्हा सांगा कसं करता म्हणत होती. जाता जाता विझेल, म्हटलं, आणि मी कडुनिंबाचे गुण सांगत बसले.

चाचींची किंकाळी आली तेव्हा छप्पर धुरानं भरलं होतं. चाचा मशिदीत नमाजाला गेलेले. सगळे धावलो, घागरी ओतल्या. माणसाला काही झालं नाही. पण ढिगातला निम्मा कापूस जळला आणि उरलेला काळ्या पाण्यात भिजून गेला.

चाचा आले आणि दारातच उभे राहिले. चाची त्यांच्या अंगावर धावल्या. "या मुई बिडीनं घात केला! किती येळा सांगतलं, छपरात नका ओढू म्हणून!"

"इझवली होती नं वं मी," चाचा म्हणाले. मग स्वतःच्या बोटांकडे पाहत म्हणाले, "की नव्हती इझली? मलेच याद नाही."

तिथे बोलायचं होतं मला. एक वाक्य. वहिनी शेजारी उभी होती, हे उभे होते, अर्धी गल्ली उभी होती. मी हातातली रिकामी घागर घेऊन घरी आले.

पोरीचं लग्न ठरल्या दिवशी झालं. चाचांनी स्वतःच्या अंथरुणाच्या गाद्या उसवल्या, तोच जुना पिवळा कापूस पुन्हा पिंजला आणि नव्या खोळीत भरून दिला. सासरच्यांनी आठ दिवसांत खोळ उसवून पाहिली. बोलायचं ते बोलले. चाची कुंपणाशी येऊन रडल्या, आणि मी, मेली, त्यांचे डोळे पुसत होते.

पण हे नंतरचं. आगीच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच चाचा आमच्या अंगणात आले होते. हातात कडुनिंबाच्या ओल्या डहाळ्यांचा भारा. तो खाली ठेवला आणि हात जोडले.

"मास्तरीणबाई, माह्यापायी तुमच्या पाहुण्यायले तकलीफ झाली. तुमचंही घर जळलं असतं. कालपासून बिडी सोडली मी. आता बेफिकर राहा."

मी म्हटलं, "बरं केलंत, चाचा."