अकरा जागा, बारावा अर्ज

तीनला अर्जांची मुदत संपणार होती, वीस मिनिटं उरली होती आणि सरूबाईंच्या अर्जावर अनुमोदकाची सही नव्हती.

मी सहकार खात्यातली निवडणूक अधिकारी. गाव सिरसाळ्याकडचं, संस्था पाणीवाटपाची. अकरा जागांना दरवेळी अकराच अर्ज, म्हणजे बिनविरोध. दुष्काळात ज्यांनी जमीनदाराच्या विहिरीचं कुलूप तोडलं, लाठ्या खाल्ल्या, जेल भोगली, तेच हे अकरा. जमीनदार गाव सोडून गेला, त्यामुळे विरोधक उरला नाही. पाणी सोडायच्या व्हॉल्व्हची चावी यांच्याकडे. आणि एकत्र मार खाल्लेली माणसं सहसा फुटत नाहीत. उठाव करून आलेली राजवट, मग ती देशाची असो की संस्थेची, इतकी का टिकते ते मला या गावाने शिकवलं.

सरूबाईंचं शेत पाइपलाइनच्या टोकाला. पाणी तिथवर पोचत नव्हतं, मोसंबी वाळायला लागली होती. अर्जावर दोन सभासदांच्या सह्या लागतात, सूचकाची आणि अनुमोदकाची. सूचक म्हणून जावेने सही केली. दुसरी करायला कुणी धजेना.

चेअरमन आप्पा समोरच बसले होते. कुणी तोंड उघडलं की त्यांचा एक ठरलेला प्रश्न असे.

"सरू, कुलूप तोडलं तवा तू कुठं होतीस?"

"तुमच्याच घरी, आप्पा. तुमी जेलात गेलता. अकरा घरच्या लेकरांच्या भाकरी मीच थापल्या."

अकरांतलेच गणपतराव उठले. "मॅडम, कुठं सही करू?"

"फुटलास व्हय बे, गणपत?"

"फुटलो न्हाई आप्पा. ती बी आपल्यातलीच हाय."

आप्पा माझ्याकडे वळले. "मॅडम, अर्ज घेऊ नका. हितं बिनविरोधच असतंय."

"यावेळी मतदान होईल," मी म्हणाले आणि अर्जावर शिक्का मारला. नोकरीत हजारो शिक्के मारले असतील. अभिमान वाटतो तो या एकाचा.

मतदान झालं. सरूबाई निवडून आल्या. महिन्याभरात त्यांच्या शेतात पाणी पोचलं. बारा उमेदवारांत पडला तो एकच, गणपतराव. 'गणपतला पाडा' असा निरोपच आप्पांनी घरोघरी धाडला होता. चेअरमन पुन्हा आप्पाच.

मला वाईट वाटलं, तसं मी गणपतरावांना बोलूनही दाखवलं. ते हसले. "कुनी उठल्याबिगर ती बसनार कशी, मॅडम?"

अशी राजवट पडत नाही. फार तर एक खुर्ची रिकामी होते, आणि तिची किंमत आतल्याच कुणाला तरी मोजावी लागते.