साहेबाच्या रकान्यात नसलेली विहीर

बाळांनो, तिकडे परदेशातल्या ग्रंथालयातून तुम्ही पाठवलेली जुन्या सरकारी अहवालाची पानं मी छापून घेतली. तक्ते पुढे, शेरे मागे, अशी नीट फाईल लावली. एकोणिसाव्या शतकात हिंगोलीच्या छावणीतला एक इंग्रज साहेब फौजेसाठी मुक्कामाच्या जागा बघत फिरला होता. प्रत्येक जागेपुढे तीन रकाने: सावली, चारा, पाणी. मला असे रकाने फार आवडतात.

आपल्याकडे सीताफळं घेऊन येणाऱ्या मावशी आठवतात ना? साखऱ्याकडच्या तांड्यावरच्या. त्या नेहमी सांगत, की त्यांच्या सासऱ्यांचे आजोबा तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख, होते आणि त्यांनी विहीर काट्यांखाली झाकून अशाच एका साहेबाला परत पाठवलं.

"फौजेचे घोडे उतरले असते तर आमच्या बैलांनी काय प्यायचं, बाई?"

त्यांच्या घरात मात्र ही गोष्ट कुणी खरी मानत नसे. सुना तोंडाला पदर लावून हसत. मावशींच्या ते जिव्हारी लागे.

अहवालात त्या जागेचं नाव दिसलं आणि मी फाईल घेऊन थेट तांडा गाठला. मावशींनी सगळं घर अंगणात बसवलं. मी तक्ता वाचला आणि वरमले.

"मावशी, पाण्याच्या रकान्यात 'नाही' लिहिलंय. विहीर नंतर खोदली असेल."

त्यांचा थोरला मुलगा आईकडे बघत मांडीवर थाप मारून हसला. "घे याडी! सरकारच सांगून राहिलं. विहीरच नव्हती, तर झाकलं काय, कपाळ?"

मावशींचा चेहरा उतरला; पण क्षणभरच.

"बाई, त्याला पाणी न्हाई म्हून सांगितलं कोनं? का सपनात पाहून लिवलं? पलटा पानं!"

शेरे तर मी मागे लावले होते! ते काढले आणि एकेक वाक्य मराठीत सांगू लागले. तांड्याच्या म्हाताऱ्या नायकाने छातीवर हात ठेवून सांगितलं, की इथे पाणी नाही. म्हणून ही जागा रद्द. पुढे साहेबाने स्वतःच्या घोड्याचीही तक्रार केली होती: जनावर हट्टी, काट्यांच्या एका ढिगाकडे सारखं ओढ घेत होतं.

मग मावशी अशा हसल्या, की डोळ्यांतून पाणी आलं.

"घोड्याला समजलं, साहेबाला न्हाई समजलं! आन् माह्या पोराला तर अजून न्हाई!"

मुलगा कान पकडून उठला, त्याच विहिरीवरून कळशी भरून घेऊन आला आणि पहिला तांब्या आईपुढे धरला. मावशींनी तो माझ्या हातात दिला.

"घ्या बाई. साहेबाला न्हाई दिलं, तुमाला देते."

पाणी गार आणि गोड होतं. चुकीची नोंद मला सहन होत नाही, हे तुम्ही जाणताच. मी पेन्सिल काढली आणि रकान्यातल्या 'नाही'वर काट मारून इंग्रजीत लिहिलं: आहे, उत्तम.

"काय लिवलं?" मावशींनी विचारलं. मी सांगितलं.

त्या दचकल्या. "खोडा ते, बाई! दुसरा साहेब आला म्हंजे?"

मी मुकाट्याने खोडरबर काढला.