चार उड्डाणांचा दिवस

दादा लांब पल्ल्याची विमानं चालवायचे, धाकटा जवळच्या पल्ल्याची. कंपनी एकच. जेवायला एकत्र जमले की दादांची थट्टा ठरलेली, "माझं विमान, तुझी रिक्षा! एक खेप संपली की दुसरी."

धाकटा हसायचा. त्या रविवारी मात्र हसला नाही. ताटात नुसती बोटं फिरवत म्हणाला, "दादा, पाच दिवस झाले, रोज पहाटे साडेतीनला उठतोय. उद्या परत चार उड्डाणं. थकव्यामुळे उड्डाण नको असं कळवायचा फॉर्म भरून ठेवलाय. पाठवू?"

"रोज स्वतःच्या पलंगावर झोपतोस आणि थकतोस कसला रे? आम्ही चौदा-चौदा तास हवेत असतो, दिवसाची रात्र होते. आम्ही भरतो का फॉर्म? उगाच कामचुकार म्हणून नाव होईल."

धाकट्याने मान डोलावली आणि भात कालवायला घेतला.

सोमवारी चौथ्यांदा उतरताना तो चाकं बाहेर काढायलाच विसरला. जमीन जवळ आली तसा भोंगा वाजला, सहवैमानिक मुलगी ओरडली, "सर, चाकं!" त्याने विमान तसंच वर उचललं आणि फेरी मारून नीट उतरवलं. कुणाला खरचटलंही नाही. पण चौकशी लागली, लायसन्स जायची वेळ आली.

दादांना हे परक्या शहरातल्या हॉटेलात कळलं. आदल्याच दिवशी त्यांच्या विमानात चार वैमानिक होते आणि मागच्या बंकवर दादा साडेतीन तास घोरत पडले होते. एकदा उडायचं, एकदा उतरायचं. धाकट्याला बंक नाही, जादा माणूस नाही. चारदा चढउतार आणि मधे उभ्याउभ्या डबा. हे इतक्या वर्षांत दिसलं कसं नाही? की मोठेपणा मिरवताना बघायचंच नव्हतं?

घरी परतल्यावर भावजय पाण्याचा पेला पुढे करत शांतपणे म्हणाली, "फॉर्म का पाठवला नाही, असं चौकशी समितीने विचारलं. हे म्हणाले, माझीच चूक. तुमचं नाव काढलं नाही, दादा."

दादांनी पेला तसाच खाली ठेवला. दादा धाकट्याच्या खोलीत गेले. "का रे नाही सांगितलंस?"

"चाकं काय तू विसरलास? आणि तुला निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय."

"गप्प बस, शहाण्या!" दादांचा आवाज फाटला.

दुसऱ्या दिवशी ते न बोलावता समितीपुढे उभे राहिले. "तो फॉर्म भरलेला होता. कॉम्प्युटरवर रविवारची तारीख दिसेल. पाठवू नकोस असं मी सांगितलं."

"कॅप्टन, हे नोंदवलं तर तुम्हालाही उत्तर द्यावं लागेल."

"नोंदवा."

तारीख सापडली. धाकट्याचं लायसन्स वाचलं. तीन महिने घरी, मग पुन्हा प्रशिक्षण. दादांना लेखी ताकीद मिळाली.

"सुटलात," दादांच्या पत्नी म्हणाल्या.

दादांनी ताकिदीचा कागद दोनदा वाचला. "एवढंच?" ते म्हणाले. "एवढंच कसं?"