अभद्र बोलली म्हणे

माझ्या मोठ्या बहिणीवर अन्याय झाला. नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, दुपारच्या जेवणाआधी. करणारे सगळे आपलेच होते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमची अमेरिकेतल्या बेलव्ह्यूची मराठी मंडळी दरवर्षी त्या शुक्रवारी डोंगरात बर्फ तुडवायला जायची. पुरी-भाजीचे डबे, थर्मासमध्ये चहा. पुढे असायचे काका, म्हणजे बाबांचे मित्र, विमानांच्या कारखान्यात मोठे इंजिनिअर. ते जातील तिकडे सगळे.

बहीण ॲव्हलांशचा, म्हणजे हिमस्खलनाचा, कोर्स करून आलेली. उताराच्या कडेला तिने बर्फ तपासायला खड्डा खणला. वर वाऱ्याने थापलेला घट्ट थर, खाली ऑक्टोबरचा बर्फ, थंडीने साखरेसारखा सुटा झालेला. मुठीत दाबला तरी गोळा होईना. मग तिने मागून फावडं खुपसून ओढलं, तर वरचा थर अख्खा घसरून तिच्या मांडीवर आला.

"काका, हा उतार नको. कुणीतरी मरेल."

"अगं, गुडघाभर तर बर्फ आहे. एवढ्यात कसला ॲव्हलांश?"

"गुडघाभर पुरतो. खाली दगड आहेत."

काकू मध्ये पडल्या. "निघताना मरणाचं काय बोलतेस? अभद्र कुठली."

"चला, प्रोफेसरीणबाईंचं लेक्चर संपलं," कोणीतरी म्हणालं. सगळे हसले.

काका निघाले. मध्यावर पोचले आणि त्यांच्या वरच्या बाजूला लांब भेग पडली. अख्खा उतार त्यांना घेऊन दगडांत गेला. बर्फ थांबल्यावर बहीण एकटी खाली धावली, हातमोजा दिसला तिथे खणत सुटली. काका जिवंत निघाले, मांडीचं हाड मोडून. बाकीचे डबे धरून उभे होते.

हॉस्पिटलात काकू आईला म्हणाल्या, "तुझी पोरगी बोलली आणि झालं."

संक्रांतीपर्यंत हे घरोघर पोचलं. हळदीकुंकवाला आईला बोलावणं आलं. "तिला मात्र नको आणू." सायन्स शिकलेली माणसं ही. खड्डा सगळ्यांनी पाहिला होता, आणि बर्फ म्हणे तिच्या तोंडाने फुटला. काका एक शब्द बोलले नाहीत. अजून नाहीत. तिने डोंगर सोडला नाही, आपल्या लोकांत येणं सोडलं.

तुम्ही तिथे नव्हता, मान्य. पण ही गोष्ट तुमच्याकडे चहाबरोबर आली असेल आणि तुम्ही मान डोलावली असेल. मग ज्यांनी सांगितली त्यांना आज फोन लावा. म्हणावं, ती बरोबर होती. आणि येत्या संक्रांतीला पहिलं बोलावणं तिला करा.